कपाळ जड, गाल ठणकतात, तरी नाक मोकळे: वारंवार होणाऱ्या ‘सायनस’चे मूळ कसे शोधावे

गेली पाच वर्षे दसऱ्याच्या मागेपुढे माझ्या दोन्ही भुवयांच्या वर एक जडपणा येऊन बसत असे आणि दिवाळी उलटली तरी तो पुरता हटत नसे. खाली वाकून चपलेचा पट्टा लावायचा म्हटले तरी कपाळात कळ येई. घरातल्या मंडळींनी, कोपऱ्यावरच्या औषध दुकानदाराने आणि मीही त्याला एकच नाव देऊन टाकले होते, ते म्हणजे सायनस. एकदा हे नाव चिकटल्यावर त्यापुढे कोणी काही विचारले नाही. पाच वर्षांत अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, वाफाऱ्याची दोन भांडी करपली, सुंठेच्या लेपाने एकदा कपाळाची कातडीही भाजली. डोके मात्र पुढच्या दसऱ्याला ठरल्याप्रमाणे दुखलेच.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे लहानसे वर्कशॉप आहे. लेथ बंद पडली तर आम्ही लगेच मोटार खोलून बसत नाही; आधी वीज येते का, फ्यूज शाबूत आहे का, पट्टा सैल झाला आहे का, हे क्रमाने पाहतो. डोक्याच्या बाबतीत मात्र मी पाच वर्षे दरवेळी थेट मोटारच खोलत होतो. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने नाक तपासून सांगितले, “तुमच्या नाकात पू नाही, सूजही फारशी नाही. दुखते कधी, ते लिहून आणा.” त्या एका वाक्यापासून पुढचा सगळा शोध सुरू झाला. मी डॉक्टर नाही. तपासणीला पर्याय म्हणूनही हे लिहीत नाही. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी रुग्णाने स्वतःचे दुखणे कसे पाहावे, एवढाच याचा आवाका आहे.

पोकळ्या कुठे असतात आणि का दुखतात

सायनस हे रोगाचे नाव नाही. नाकाच्या आजूबाजूला कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. एक जोडी गालांच्या हाडांत, एक कपाळात, एक डोळ्यांच्या मधोमध लहान लहान कप्प्यांच्या रूपात आणि एक बरीच मागे, कवटीच्या तळाशी असते. या सगळ्यांना आतून पातळ अस्तर असते. त्यावरचे सूक्ष्म केस चिकट स्राव सतत नाकाच्या दिशेने ढकलत राहतात. गालाच्या पोकळीची रचना तर गंमतशीर आहे, कारण तिचे निचऱ्याचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते. म्हणजे मोरी न्हाणीघराच्या छताजवळ काढावी तसा हा प्रकार, आणि सारा निचरा त्या केसांच्या जोरावर चढावर चालतो. सर्दीने अस्तर सुजले की हे अरुंद तोंड बंद होते, आत अडकलेली हवा हळूहळू शोषली जाते, दाब घटतो, स्राव साचतो आणि दुखू लागते.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कानांना दडे बसतात, हा इकडच्या लोकांचा नेहमीचा अनुभव आहे. सर्दी असताना हाच घाट उतरला तर काहींना कपाळात सुईसारखी कळ येते, कारण बाहेरचा दाब वाढत जातो आणि बंद पोकळीत तो तितक्या लवकर सारखा होत नाही. विमान उतरताना हा त्रास अधिक तीव्र होऊ शकतो. दुखणे फक्त अशाच वेळी होत असेल तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पहिला प्रश्न: नाक खरोखर आजारी आहे का?

पोकळ्यांना संसर्ग झाला असेल तर दुखण्याच्या सोबत नाकाचीही तक्रार असते. नाक चोंदते, घट्ट पिवळा किंवा हिरवा शेंबूड पुढून वाहतो अथवा मागून घशात उतरतो, वास येणे कमी होते, कधी ताप येतो, वरच्या दाढा ठणकतात. यातले काहीच नसताना केवळ कपाळ जड होत असेल, तर पोकळ्यांवर संशय घेण्याआधी थांबावे. वाकल्यावर दुखणे वाढते, म्हणजे सायनसच, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पण वाकल्यावर अर्धशिशीचे दुखणेही वाढते, त्यामुळे केवळ त्या एका खुणेवरून काही ठरत नाही.

शेंबडाच्या रंगावरूनही अँटिबायोटिकचा निर्णय होत नाही. साध्या विषाणूजन्य पडशातही तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्राव हिरवट होतो, कारण त्यात शरीराच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात. असे पडसे बहुतेकांचे सात ते दहा दिवसांत उतरते आणि त्यातले जेमतेम अर्धा ते दोन टक्के पुढे जिवाणूंच्या संसर्गावर जाते. जिवाणूंचा संशय केव्हा घ्यावा याचे ठोकताळे असे आहेत: दहा दिवस झाले तरी लक्षणे तसूभरही कमी झाली नाहीत, किंवा पाच-सहा दिवसांनी बरे वाटून पुन्हा अचानक उलटले, किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस ३९ अंश सेल्सिअसच्या वर ताप, चेहऱ्याचे दुखणे आणि पुवासारखा स्राव एकत्र आहेत. चार आठवड्यांच्या आत आटोपते ते तीव्र दुखणे, आणि बारा आठवडे किंवा त्याहून अधिक रेंगाळते ते जुनाट. जुनाट प्रकारात चोंदलेले नाक आणि गेलेला वास ही मुख्य तक्रार असते. डोकेदुखी त्या मानाने दुय्यम.

माझ्या तीन अँटिबायोटिक कोर्सपैकी एकही या ठोकताळ्यांत बसत नव्हता. ज्या दवाखान्यात ते लिहून दिले गेले तिथे मला ‘दुखते कुठे?’ एवढेच विचारले गेले, ‘किती दिवस?’ हे कोणी विचारले नाही, आणि मीही आपणहून सांगितले नाही.

अर्धशिशी, जी अर्ध्या डोक्याचीच असते असे नाही

अर्धशिशी म्हणजे अर्धे डोके, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा आणि उलट्या, असे चित्र माझ्या मनात पक्के होते आणि त्यात मी कुठेच नव्हतो. प्रत्यक्षात ती दोन्ही बाजूंना, कपाळावर, गालांत, डोळ्यांच्या मागेही दुखू शकते आणि पुष्कळांना चमकणाऱ्या रेषा कधीच दिसत नाहीत. त्याहून मोठी फसगत अशी की, चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारी जी नस अर्धशिशीत चाळवते, तीच कपाळ, गाल आणि नाकाच्या अस्तरापर्यंत पसरलेली असते. तिच्या चाळवण्यासोबत नाक चोंदते, पाण्यासारखे वाहते, डोळ्यांतूनही पाणी येते. नाक वाहू लागले की आपण म्हणतो, “पाहा, सायनसच!”

२००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे २,९९१ लोक तपासले गेले, ज्यांना स्वतःला किंवा त्यांच्या डॉक्टरांना आपली डोकेदुखी सायनसची वाटत होती आणि अर्धशिशीचे निदान कधी झालेले नव्हते. त्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारात मोडली. हा आकडा ऐकल्यावर मी तज्ज्ञांना दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

ओळखण्यासाठी तीन साधे प्रश्न उपयोगी पडतात. दुखताना मळमळते का? उजेड नकोसा वाटतो का? गेल्या तीन महिन्यांत एखादा दिवस तरी या दुखण्यामुळे काम सोडावे लागले का? तिन्हींपैकी दोन उत्तरे ‘हो’ असतील तर अर्धशिशीची शक्यता बरीच मानतात. माझ्याबाबतीत उत्तर मी दिलेच नाही, ते पत्नीने दिले. ती म्हणाली, “अहो, डोकं दुखलं की तुम्ही आधी ट्यूबलाइट बंद करता आणि शेजारच्या फोडणीच्या वासावरही चिडता.” वासाचा हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पोकळ्यांच्या आजारात वास येईनासा होतो, अर्धशिशीत तो सोसवेनासा होतो.

दिनदर्शिकेवरच्या खुणा

स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी खुणा करू लागलो. दुखले तर फुली, नाक चोंदले तर गोल, गोळी घेतली तर गोळीची संख्या, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात त्या दिवसाचे एखादे वैशिष्ट्य. पहिल्या दोन आठवड्यांत काही उमजले नाही. तिसऱ्या महिन्यात मात्र चौकोन बोलू लागले. गोल आणि फुली क्वचितच एका दिवशी पडत होते. फुल्या बहुतेक उपवासाच्या दिवशी होत्या. नवरात्रात तर सलग चार, कारण आमच्याकडे घट बसतात आणि मी नऊ दिवस दुपारपर्यंत नुसत्या चहावर काढतो. ज्या रविवारी नऊपर्यंत झोपलो होतो, तिथेही फुली होती. म्हणजे दसऱ्याचा आणि माझ्या कपाळाचा संबंध होता, पण तो थंडीचा किंवा धुळीचा नव्हता, तर रिकाम्या पोटाचा, चहाचा आणि जागरणाचा होता.

गोल मात्र वेगळ्याच दिवशी जमले होते, आणि तिथे खरोखर नाक दोषी होते.

नाक दोषी असेल तेव्हा

कोल्हापूरच्या हवेत नाकाला डिवचणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलते. पुढे गळीत हंगाम सुरू झाला की ठिकठिकाणी उसाचा पाला पेटवला जातो आणि सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी येऊन बसते. गुऱ्हाळांच्या चुलाण्यांत चिपाडे जळत असतात. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने आभाळ गुलाबी होते. यांतल्या काही गोष्टी खऱ्या अर्थाने अॅलर्जी निर्माण करतात, काही नुसत्याच चुरचुरतात, आणि हा फरक उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अॅलर्जीत नाकाला, डोळ्यांना, टाळूला खाज सुटते आणि एकामागून एक शिंका येतात. धुराच्या चुरचुरीत खाज सहसा नसते. घरातल्या धुळीचे अतिसूक्ष्म किडे गाद्या-उशांत वर्षभर राहतात, म्हणून ज्याला सकाळी अंथरुणातून उठतानाच शिंका येतात त्याने बाहेरच्या हवेला दोष देण्याआधी आपली उशी उन्हात घालावी आणि खोळ गरम पाण्यात धुवावी.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरले, त्यांच्या भिंतींची ओल पुढे कितीतरी महिने उतरली नाही. कपाटामागे काळसर बुरशी धरली असेल आणि त्या खोलीत झोपणाऱ्यालाच त्रास होत असेल, तर वरून रंग देऊन भागत नाही. ओल कुठून येते ते बंद करावे लागते. माझ्या गोलांपैकी निम्मे वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग चालले होते त्या दिवसांचे निघाले. नाकाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, हे मला वयाच्या पन्नाशीत कळले. आता नीट बसणारा मास्क वापरतो.

“नाकाचे हाड वाढले आहे,” हे वाक्य आपल्याकडे तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरले जाते: नाकाचा मधला पडदा वाकडा असणे, नाकाच्या आतल्या बाजूच्या मांसल वळ्या सुजणे, किंवा द्राक्षासारखे मऊ, फिकट कोंब वाढणे. पडदा थोडाफार वाकडा असणे इतके सर्वसामान्य आहे की तो दिसला म्हणून तोच गुन्हेगार ठरत नाही. सुजलेल्या वळ्या पुष्कळदा औषधाने उतरतात. कोंब असतील तर वास जातो आणि नाक सतत बंद राहते, पण ते स्वतः सहसा दुखत नाहीत. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास यांपैकी नेमके काय आहे, हे स्पष्ट विचारून घ्यावे.

नाक उघडणाऱ्या थेंबांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असलेले हे थेंब दोन मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणूनच ते घातक ठरतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरल्यास त्यांचा अंमल उतरताच अस्तर आधीपेक्षा अधिक सुजते आणि माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो. माझा भाचा दोन वर्षे ही बाटली शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होता. कापडावर तिच्या टोकाचा गोल डाग पडला होता. त्याला सायनस नव्हता, बाटलीच होती. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे सुरू करून थेंब बंद केले; पहिले आठ-दहा दिवस त्याने तोंडाने श्वास घेत काढले, पण नंतर नाक आपोआप उघडू लागले.

एका बाजूचे दुखणे, एकाच नाकपुडीतून येणारा दुर्गंधीयुक्त स्राव आणि वरची किडलेली किंवा पूर्वी भरलेली दाढ, हे तिन्ही एकत्र असतील तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसोबत दंतवैद्यही गाठावा. वरच्या दाढांची मुळे गालाच्या पोकळीच्या तळाला अगदी लागून असतात आणि मुळाशी साचलेला पू सरळ वर शिरतो. आईच्या बाबतीत दंतवैद्याने आरशाच्या मुठीने एकेका दाढेवर हलकेच टिचकी मारली. तिसऱ्या दाढेला ती खुर्चीतून उठली. अशा रुग्णाला कितीही वाफ दिली तरी दाढेचा उपचार झाल्याखेरीज उतार पडत नाही.

नाकही नाही आणि अर्धशिशीही नाही, तेव्हा

दिवसभर मोबाइलवर मान घालून बसणाऱ्यांना संध्याकाळी डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. हे ताणाचे दुखणे. सुपारी किंवा गुटखा सतत चघळणाऱ्यांचा जबड्याचा सांधा दुखून ती कळ कानशिलात आणि गालात पसरते. चष्म्याचा नंबर बदललेला असणे हेही साधे कारण. रक्तदाब थोडाफार वाढल्याने डोके सहसा दुखत नाही, पण तो मोजून घ्यायला हरकत नाही. ठरावीक वेळी, बहुधा रात्री, एकाच डोळ्याभोवती असह्य कळ येऊन पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकत असेल, त्या बाजूचा डोळा लाल होऊन पाझरत असेल आणि माणूस पडून न राहता येरझाऱ्या घालत असेल, तर ते वेगळ्या प्रकारचे दुखणे आहे आणि त्यावर वेगळी औषधे आहेत. दात घासताना किंवा वारा लागताच गालात विजेसारखी, क्षणभराची चमक येणे हे नसेचे दुखणे.

आणि वेदनाशामक गोळ्या. साध्या गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा एकाहून अधिक औषधे असलेल्या मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. दिनदर्शिकेवरचे आकडे बेरजेस घेतले तेव्हा माझा एक महिना तेरा दिवसांवर आला होता.

घरी काय करावे, काय करू नये

मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजे आपली जलनेती, हा नाकाच्या सुजेवर निर्धोक आणि उपयोगी उपाय आहे. मात्र पाणी एक मिनिटभर खळखळ उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे किंवा बोअरचे पाणी थेट नाकात घेऊ नये, कारण क्वचित त्यातला अमीबा मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेतो. अडीचशे मिली पाण्यात अर्धा चहाचा चमचा आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा एवढे पुरते. चुरचुरले तर मिठाचे प्रमाण चुकले असे समजावे.

वाफेने बरे वाटते, पण तिने संसर्ग जात नाही, आणि लहान मुलांना उकळत्या भांड्यासमोर बसवणे म्हणजे भाजण्याला आमंत्रण. निलगिरी किंवा मेंथॉलने नाक ‘उघडल्या’सारखे वाटते, कारण ते थंडाव्याच्या संवेदना जागवतात, वाट प्रत्यक्षात रुंद होत नाही. तांबडा रस्सा प्यायल्यावर नाक धो धो वाहते, ती तर तिखटाची करामत. रस्सा जरूर प्यावा. त्याला औषध म्हणू नये. स्टिरॉइड स्प्रे दिला असेल तर तो मधल्या पडद्यावर न मारता किंचित बाहेरच्या बाजूला, म्हणजे कानाच्या दिशेने मारावा आणि दोन आठवडे नेमाने वापरल्याशिवाय निरुपयोगी ठरवू नये. स्वतःहून एक्स-रे काढून आणण्यात अर्थ नाही, कारण साध्या पडशातही त्यात पोकळ्या धुरकट दिसतात. सिटी स्कॅन कधी करायचा, ते उपचार करूनही त्रास टिकला तर तज्ज्ञांनी ठरवावे. काहीच त्रास नसलेल्या कितीतरी लोकांच्या स्कॅनमध्येही अस्तर जाड दिसते.

वाट न पाहता रुग्णालय गाठावे असे प्रसंग वेगळे. डोळ्याभोवती सूज, डोळा पुढे येणे किंवा एकाचे दोन दिसणे. मान ताठ होणे, गोंधळलेपण, ग्लानी. अचानक, क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी. डोळा लाल होऊन दिव्यांभोवती वलये दिसणे आणि उलटी. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले कानशिलाचे दुखणे, ज्यात केस विंचरताना टाळू हुळहुळते किंवा चावताना जबडा दुखतो, कारण त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो. मधुमेही व्यक्तीच्या गालाला बधिरता आली, नाकातून काळपट स्राव आला किंवा टाळूवर काळा डाग दिसला तर एक दिवसही दवडू नये. २०२१ साली करोनानंतर ज्या काळ्या बुरशीने अनेकांचे डोळे आणि प्राण घेतले तिची सुरुवात अशीच होते.

यंदा नवरात्रात मी सकाळी राजगिऱ्याची लाही आणि दूध घेतले, चहा नेहमीच्याच वेळी ठेवला आणि साडेदहाला अंथरूण गाठले. घटस्थापनेपासून पाडव्यापर्यंत दिनदर्शिकेवर दोन फुल्या पडल्या. एक कोजागरीच्या जागरणाची. दुसरीचे कारण अजून सापडलेले नाही. त्या चौकोनात बारीक अक्षरात फक्त एवढेच आहे: ‘दुपारी पाऊस, लेथचा पट्टा बदलला.’